‘घडलो’ म्हणता, पण कशावरून?

मानव्यविद्येचा एखादा अभ्यासक्रम पुरा करून विद्यार्थी जेव्हा लिहितो की या विषयाने मला घडवले, माझी दृष्टी बदलली, तेव्हा त्याला दोन बाजूंनी अडवले जाते. एक बाजू म्हणते, घडलास ते ठीक, पण त्याने पोट भरेल का? दुसरी बाजू अधिक शिकलेली असते. ती म्हणते, घडलास हे कशावरून? गणितात काल न सुटणारे उदाहरण आज सुटते, प्रयोगशाळेत काल चुकणारे मोजमाप आज बरोबर येते. तिथे वाढ डोळ्यांना दिसते. इतिहास, साहित्य, तत्त्वज्ञान, समाजशास्त्र वाचून झालेली वाढ ही त्या मुलाने स्वतःची करून घेतलेली समजूत आहे, आणि समजुतीला कोणी क्रेडिट देऊ नये. पोटाचा प्रश्न मी टाळणार नाही. पण आधी हा दुसरा आक्षेप घेतो, कारण तो विचार करून घेतलेला आहे आणि त्याचे उत्तर सापडले की पहिल्याचेही अर्धे उत्तर हाती येते. माझे म्हणणे असे की मानव्यविद्येने होणारी वाढ दाखवता येते, तपासता येते, आणि ती नेमकी त्या शब्दात सामावलेली आहे जो आक्षेप घेणाऱ्यानेच वापरला : ‘कशावरून?’

रत्नागिरीत हा वाद आता पुस्तकी राहिलेला नाही. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० लागू करताना महाराष्ट्र शासनाने एप्रिल २०२३ च्या निर्णयात पदवीची जी चौकट आखली, तिच्यात ‘ओपन इलेक्टिव्ह’ नावाचा भाग आहे. विद्यार्थ्याने आपल्या मुख्य विषयाच्या विद्याशाखेबाहेरचे काहीतरी शिकावे, अशी ही अट. तीन वर्षांच्या पदवीची क्रेडिट १२० ते १३२. त्यांतली दहा-बारा या भागाची. म्हणजे १९४५ पासून कला आणि विज्ञान या दोन्ही शाखा चालवत आलेल्या गोगटे-जोगळेकर महाविद्यालयात किंवा जिल्ह्यातल्या कुठल्याही महाविद्यालयात रसायनशास्त्राची विद्यार्थिनी आता इतिहासाच्या किंवा साहित्याच्या तासाला बसू शकते. लगेच तक्रार सुरू झाली की तिचा वेळ फुकट जातो. एकूण अभ्यासाचा फार तर दहावा हिस्सा भरणाऱ्या तासांबद्दल एवढी चिंता वाटावी, यातच या विषयांकडे आपण कसे पाहतो ते दिसते. दहावी-बारावीच्या निकालात कोकण विभाग वर्षानुवर्षे राज्यात पहिला येतो. ही अभिमानाची गोष्ट आहे आणि मी ती कमी लेखत नाही. ती टक्केवारी सांगते की ठरलेल्या प्रश्नांची ठरलेली उत्तरे आमची मुले उत्तम देतात. उत्तर ठरलेले नसेल तेव्हा ती काय करतात, हे मात्र त्या टक्केवारीतून कळत नाही.

उत्तर न ठरलेला प्रश्न पाहायला रत्नागिरीकराला लांब जावे लागत नाही. गावाबाहेरच्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, गेले की पुरे. जिल्ह्यातल्या जांभ्याच्या सड्यांवर कोरलेली कातळशिल्पे २०२२ साली युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या तात्पुरत्या यादीत गेली. यादीतल्या नऊ जागांपैकी सात रत्नागिरी जिल्ह्यात आहेत : उक्षी, जांभरुण, कशेळी, रुंढेतळी, देवीहसोळ, बारसू आणि देवाचे गोठणे. एक सिंधुदुर्गात, एक गोव्यात. कशेळीच्या अवाढव्य हत्तीच्या आकृतीत आणखी कितीतरी प्राणी कोरलेले आहेत. कुणी कोरले, कधी, कशासाठी, याचा एकही लेख नाही, एकही नाणे नाही. इथे विज्ञान मोठे काम करते आणि ते त्याने केलेच पाहिजे. पण एका ठिकाणी येऊन प्रश्नाची जात बदलते, आणि ते ठिकाण ओळखता येणे हीच मी म्हणतो ती वाढ.

देवाचे गोठणे इथल्या आकृतीचे उदाहरण घ्या. त्या जागी होकायंत्राची सुई भरकटते, अशी नोंद आहे. जांभा हा लोहयुक्त दगड. सुई किती अंश हलते, कुठपर्यंत हलते, हे उपकरण लावून कुणालाही मोजता येईल. पण लोक एवढ्यावर थांबत नाहीत. ‘सुई भरकटते म्हणूनच पूर्वजांनी ही जागा निवडली, त्यांना चुंबकत्व ठाऊक होते,’ असे वाक्य पुढे येते आणि ऐकणाऱ्याची छाती फुगते. आता विचारा, कशावरून? कोरणाऱ्यांकडे होकायंत्र असल्याचा काही पुरावा आहे का? ज्या इतर सड्यांवर शिल्पे आहेत तिथेही सुई भरकटते का? शिल्पे नसलेल्या शेजारच्या कातळावर ती स्थिर राहते का? या प्रश्नांची उत्तरे मिळेपर्यंत ते वाक्य आपल्या आजच्या नवलाचे आहे, कोरणाऱ्यांच्या ज्ञानाचे नाही. सुईचा कोन मोजणे हे भौतिकशास्त्राचे काम. माणसाने एखादी गोष्ट अमुक हेतूने केली असे म्हणायला काय पुरावा लागतो, हे ठरवणे इतिहासाचे काम. कोन अचूक मोजणारी विद्यार्थिनी हेतूबद्दल बेधडक बोलू शकते. तिथे तिला दुसऱ्या विद्येची शिस्त लागते, आणि ती शिस्त कुणीतरी शिकवावी लागते.

काळाचा प्रश्न याहून अवघड आहे. कातळाचे वय काढता आले तरी ते कोरण्याचे वय ठरत नाही. म्हणून अभ्यासक इतर खुणांचा आधार घेतात. आकृत्यांत आज कोकणात नसलेला गेंडा आहे, हत्ती आहे, मासे आहेत. शेतीची दृश्ये दिसत नाहीत. यावरून ही चित्रे शेतीपूर्व काळातल्या, शिकार करून जगणाऱ्या लोकांची असावीत, असे अनुमान काढले गेले. अनुमान विचार करण्याजोगे आहे. पण ‘दिसत नाही’ यावरून ‘नव्हते’ असे किती ठामपणे म्हणता येते? चैत्रात अंगणात काढलेल्या चैत्रांगणात शंख असतो, चंद्रसूर्य असतात, गोपद्मे असतात. त्यात नांगर काढला नाही म्हणून त्या घरी शेती नव्हती असे कुणी म्हणेल का? लोक रोजचे काम चित्रात उतरवतीलच असे नाही; कधी जे पूज्य, जे भयंकर, जे दुर्मीळ तेवढेच उतरते. म्हणून शेतीचे चित्र नसणे हा पुरावा आहे, पण एकटा उभा राहणारा नाही. त्याला दगडी हत्यारांची, प्राण्यांच्या ओळखीची, आसपासच्या उत्खननाची जोड लागते. ही वजने करता येणे म्हणजे शिक्षण. मानव्यविद्येचे वर्ग चांगले चालले तर विद्यार्थी हेच शिकतो : पुरावा आहे की नाही एवढेच न पाहता तो किती भार पेलतो ते पाहायचे.

सड्यावर तिसरा आवाज गावकऱ्यांचा आहे. देवीहसोळला आर्यादुर्गेच्या मंदिराजवळच्या कातळशिल्पाशी गावाचे भक्तीचे नाते आहे. शिकलेला माणूस अशा गोष्टीपुढे दोनपैकी एक करतो. एकतर अंधश्रद्धा म्हणून ती झटकतो, नाहीतर हजारो वर्षांची अखंड परंपरा म्हणून जशीच्या तशी उचलतो. दोन्हींत आळस आहे. आजची पूजा हा मूळ कोरणाऱ्यांबद्दलचा पुरावा कदाचित नसेल. पण नंतरच्या लोकांनी त्या खुणा पाहिल्या, त्यांना अर्थ दिला आणि म्हणून त्या जपल्या, याचा तो भक्कम पुरावा आहे. एकच गोष्ट एका प्रश्नासाठी कमकुवत आणि दुसऱ्या प्रश्नासाठी बळकट साक्ष ठरू शकते. हे कळायला माणसाला स्वतःच्या श्रद्धेशी आणि स्वतःच्या तुच्छतेशी, दोन्हींशी थोडे भांडावे लागते. ‘माझी दृष्टी बदलली’ असे विद्यार्थी लिहितो तेव्हा त्याच्या मनात बहुधा असेच काहीतरी घडलेले असते, फक्त ते नेमके सांगण्याची सवय त्याला कुणी लावलेली नसते.

आता आक्षेपकाला मी सांगेन की ही वाढ तपासा. वर्षाच्या सुरुवातीला विद्यार्थ्यापुढे एक आकृती ठेवा आणि चार ओळी लिहायला सांगा. तो लिहील, ‘आदिमानवाने हत्ती कोरला.’ वर्षाअखेर त्याच आकृतीबद्दल तो लिहितो, ‘ही आकृती हत्तीची वाटते, सोंड स्पष्ट आहे, पाय अपुरे आहेत, काळ निश्चित नाही, मात्र जवळच्या इतर आकृत्यांची शैली पाहता त्या एकाच काळातल्या असाव्यात, आणि हे म्हणणे चुकीचे ठरेल जर अमुक सापडले.’ दुसऱ्या उताऱ्यात जे आले ते भाषेचे नटवेपण नव्हे. त्यात दिसलेले आणि अनुमान केलेले वेगळे केले आहे, शंका कुठे आहे ते सांगितले आहे, आणि आपण कशाने खोटे ठरू तेही सांगितले आहे. दोन कागद शेजारी ठेवले तर कुठलाही निःपक्ष परीक्षक फरक दाखवील. हे मोजमाप तराजूसारखे नसेल, पण ते मनाची समजूतही नाही.

यावर पुढचा आक्षेप येतो की कातळशिल्पांचा विषय निरुपद्रवी आहे. तिथे कुणाच्या भावना फारशा गुंतलेल्या नसतात. बरोबर आहे, म्हणून शहरात येऊ. १८८५ च्या युद्धात हरलेला ब्रह्मदेशचा राजा थिबा इंग्रजांनी १८८६ मध्ये रत्नागिरीत आणून ठेवला आणि १९१६ मध्ये तो इथेच वारला. आज ज्याला आपण थिबा पॅलेस म्हणतो ती वास्तू १९१० च्या सुमारास पुरी झाली. पर्यटक तिथे राजवाडा पाहून जातो. तो तुरुंग होता, मोठ्या खिडक्यांचा आणि सुंदर दिसणारा, पण तुरुंगच. आणि थिबाच्या तीस वर्षांच्या कैदेपैकी जेमतेम शेवटची सहा वर्षे तिथे गेली, हे नुसती वास्तू पाहून कळत नाही. अमिताव घोष यांच्या ‘द ग्लास पॅलेस’ या कादंबरीत हा राजा आहे, सुधा शहा यांच्या ‘द किंग इन एक्झाइल’ या चरित्रात तोच आहे. कादंबरी त्याच्या मनात शिरते, चरित्र कागदपत्रांना धरून चालते, पर्यटकांसाठीची पाटी अभिमानाने बोलते. तिन्हींपैकी कुणाला काय विचारायचे हे ठाऊक नसलेला मुलगा तिन्हींवर सारखाच विश्वास ठेवतो किंवा तिन्हींना सारखेच खोटे ठरवतो. साहित्य वाचलेला मुलगा कादंबरीकडून तारीख मागत नाही आणि शासकीय पत्रव्यवहाराकडून दुःख मागत नाही.

पतितपावन मंदिराचा विषय याहून नाजूक आहे, म्हणूनच घेतो. १९३१ साली भागोजीशेठ कीर यांच्या खर्चाने आणि तेव्हा रत्नागिरीत स्थानबद्ध असलेल्या सावरकरांच्या पुढाकाराने ते उभे राहिले, सर्व जातींना खुले. आज त्यावर बोलणारे बहुतेक आधीच बाजू घेऊन आलेले असतात. एकाला त्यात फक्त सुधारणा दिसते, दुसऱ्याला फक्त राजकारण. वर्गात विचारायचा प्रश्न वेगळा आहे. आदल्याच वर्षी, १९३० मध्ये, नाशिकला काळाराम मंदिरात प्रवेशासाठी डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह सुरू झाला होता. तिथे मागणी जुने दार उघडण्याची होती. रत्नागिरीत नवे देऊळ बांधले गेले. जुने दार उघडणे आणि नवे दार बांधणे यांत काय फरक आहे, कुणाला काय सोडावे लागते, कुणाला काही सोडावे लागत नाही? हा प्रश्न दोन्ही बाजूंच्या अनुयायांना अडचणीचा आहे. समोरच्याचे म्हणणे त्यालाही पटेल अशा शब्दांत मांडता येणे आणि मगच आपले उत्तर देणे, ही वाढ वादाच्या विषयातच कसाला लागते, आणि रत्नागिरीच्या इतिहासात अशा विषयांची वाण नाही.

एक आक्षेप मात्र मला पुरता मान्य आहे. विद्यार्थी ‘घडलो’ असे लिहितात कारण शिक्षकांना ते वाचायला आवडते. गाइडमधून उतरवलेल्या उत्तरांवर, पर्यायी प्रश्नांच्या परीक्षेवर, शेवटच्या आठवड्यात वाटलेल्या नोट्सवर हे विषय चालतात तेव्हा त्यातून कुणीच घडत नाही, आणि मग लिहिलेले आत्मपरीक्षण खोटेच असते. कला शाखेला जो कमीपणा आला तो पालकांनी आणलेला नाही. ज्यांनी हे विषय पाठांतराला जुंपले त्यांनी आणला. ओपन इलेक्टिव्हचा तास ‘उरलेला विषय’ म्हणून दिला गेला, तिथे ज्याला वेळ मोकळा त्या शिक्षकाला पाठवले गेले, तर आक्षेपक जिंकले असे समजावे. पण हा शिकवण्यातला दोष झाला. रसायनशास्त्र प्रयोगशाळेवाचून शिकवले तर आपण प्रयोगशाळेची मागणी करतो, रसायनशास्त्र बंद करा म्हणत नाही. मानव्यविद्येची प्रयोगशाळा म्हणजे मूळ कागद, मूळ जागा आणि उलट बोलणारा वर्गमित्र. ती मागायला हवी. यूट्यूबवर व्याख्याने फुकट मिळतात हेही खरे. पण पडद्यावरचा माणूस तुमचे चुकलेले अनुमान ऐकून घेत नाही.

आता पोटाचे. चाकरमान्यांच्या मनीऑर्डरवर कितीतरी घरे चाललेल्या जिल्ह्यात हा प्रश्न कुणी हलका मानू नये. एमपीएससीची राज्यसेवा मुख्य परीक्षा २०२५ पासून वर्णनात्मक झाली, म्हणून लिहून विचार मांडणाऱ्याला तिथे उपयोग आहे, हे सांगणे सोपे आहे. पण माझा मुद्दा नोकरीपुरता नाही. आंब्याकडे पाहा. २०१८ साली रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या पाच जिल्ह्यांच्या हापूसला भौगोलिक मानांकन मिळाले. असे मानांकन मिळवताना मातीचा आणि हवेचा अहवाल पुरत नाही. त्या मालाचे त्या प्रदेशाशी नाते असल्याचा ऐतिहासिक पुरावा द्यावा लागतो. जुनी कागदपत्रे, जुन्या नोंदी शोधून, वाचून, त्या कशा सिद्ध करतात ते मांडावे लागते. परप्रांतातला आंबा ‘हापूस’ म्हणून विकला जातो तेव्हा बागायतदाराचे नुकसान रुपयांत होते, आणि त्याच्या बाजूने उभा राहणारा कायदा ‘कशावरून?’ असे विचारतो. तीच गोष्ट प्रकल्पांची. जैतापूरचा अणुऊर्जा प्रकल्प असो, बारसूचा तेलशुद्धीकरण प्रकल्प असो, मोठ्या प्रकल्पाच्या पर्यावरण परवानगीत जनसुनावणीची पायरी असते. तिथे शेकडो पानांचा अहवाल समोर येतो. प्रकल्प हवा असणाऱ्याला आणि नको असणाऱ्याला, दोघांनाही तो वाचता आला पाहिजे : कुठले वाक्य मोजमाप सांगते, कुठले अंदाज, कुठले फक्त आश्वासन. ते वाचता न येणारा गाव दुसऱ्याच्या शब्दावर हो म्हणतो किंवा दुसऱ्याच्या शब्दावर नाही म्हणतो.

‘हे सगळे ठीक, पण कोकणाला अभियंते हवेत,’ असे म्हणणाऱ्यांना या जिल्ह्याचाच इतिहास सांगता येतो. रत्नागिरीत १८५६ मध्ये जन्मलेले टिळक गणित घेऊन पदवीधर झाले. दापोलीजवळच्या मुरुडचे धोंडो केशव कर्वे फर्ग्युसनमध्ये गणित शिकवत; १९१६ मध्ये त्यांनी महिला विद्यापीठ काढले. दापोली तालुक्यातल्याच मुर्डीचे र. पु. परांजपे १८९९ मध्ये केंब्रिजला सीनियर रँग्लर झाले आणि पुढे मुंबई प्रांताचे शिक्षणमंत्री. तिघेही गणिती, आणि तिघांचेही मोठे काम माणसांच्या प्रश्नांत. पण इथे मी स्वतःलाच विचारले पाहिजे, कशावरून? तीन थोर नावांवरून नियम सिद्ध होत नाही. ती माणसे कुठल्याही शाखेत थोर झाली असती असे कुणी म्हटले तर माझ्याकडे उत्तर नाही. एवढेच सिद्ध होते की गणित आणि मानव्यविद्या एकाच माणसात नांदू शकतात आणि या मातीत ते नवे नाही. कातळशिल्पांच्या शोधातही अभियांत्रिकी शिकलेले सुधीर रिसबूड आणि भूगोलाचे प्राध्यापक सुरेंद्र ठाकूरदेसाई एकत्र चालले. सडा कुठल्या शाखेचा, हे त्यांना विचारावे लागले नाही.

आणि ज्याला वाढ पाहायचीच आहे त्याने चिपळूणजवळ पेढे-परशुराम इथे १८८० मध्ये जन्मलेल्या पांडुरंग वामन काणे यांचे काम पाहावे. ‘व्यवहारमयूख’ या ग्रंथाच्या संपादनासाठी त्यांनी धर्मशास्त्राच्या इतिहासाची प्रस्तावना लिहायला घेतली. प्रत्येक विधानामागे ‘कशावरून?’ विचारत गेल्यावर ती प्रस्तावना पुरेना. तिचे पाच खंड झाले, पाने साडेसहा हजारांच्या घरात गेली. पहिला खंड १९३० चा, शेवटचा १९६२ चा. १९६३ मध्ये त्यांना भारतरत्न मिळाले. कालिदास संस्कृत विद्यापीठाच्या रत्नागिरी उपकेंद्राला त्यांचे नाव आहे. नाव दिले हे चांगले झाले. त्या उपकेंद्राच्या गावात एखादी मुलगी सहा महिने इतिहास शिकून ‘मी बदलले’ असे लिहिते, तेव्हा तिला हसण्याऐवजी तिचा पहिला कागद आणि शेवटचा कागद मागून घ्यावेत आणि शेजारी ठेवून वाचावेत.

म्हणून महाविद्यालयांना विनंती आहे. या दहा-बारा क्रेडिटांची परीक्षा पर्यायी प्रश्नांची ठेवू नका. मुलांना एकदा सड्यावर न्या, एकदा थिबा पॅलेसच्या आवारात न्या. आणि परीक्षेच्या दिवशी त्यांच्यापुढे त्यांनी कधी न पाहिलेला एक जुना कागद ठेवा, दोन तास द्या, आणि त्यांना लिहू द्या.